मुरलेल्या पाण्याचा धनी कोण?

महाराष्ट्रात पाण्यावर लिहायचे म्हटले की लेखणी आपसूक धरणाकडे वळते. जुलै उजाडला की वर्तमानपत्रांत कोयना, उजनी, जायकवाडीचे टक्के छापून येऊ लागतात. जायकवाडी भरले की मराठवाड्याचा जीव भांड्यात पडतो, उजनी ‘मायनस’मध्ये गेली की सोलापूरच्या पोटात गोळा येतो. धरण डोळ्यांना दिसते. त्याच्या दरवाजांचा फोटो काढता येतो, तिथे जलपूजन करता येते. पण या राज्यातल्या ओलिताखालच्या निम्म्याहून अधिक शेताला पाणी मिळते ते विहिरींतून आणि बोअरमधून, आणि खेड्यांतल्या पिण्याच्या पाण्याचाही बहुतेक भार भुईखालच्या साठ्यावरच आहे. त्या साठ्याचा टक्का कुठल्या पेपरात येत नाही. तो किती होता हे कळते ते मोटार हवा ओढायला लागल्यावर.

हे पुस्तक त्या पाण्याबद्दल आहे. निसर्ग आणि माणूस यांच्या नात्यावर आपल्याकडे लिहिले जाते ते बहुधा जंगल, पक्षी, देवराया यांच्या अंगाने, आणि त्यात माया असते, हळहळ असते. इथे हळहळ कमी आणि हिशेब जास्त सापडेल. शेतकरी रोज सकाळी स्टार्टरचे बटण दाबतो त्या क्षणी त्याचे आणि निसर्गाचे जे काही नाते आहे ते ठरत असते. त्यात कविता फारशी नसते. मला या प्रस्तावनेत एकच गोष्ट मांडायची आहे. पाणी अडवणे आणि जिरवणे आपण शिकलो. जिरलेले पाणी कोणी, किती आणि कशासाठी उपसायचे हे चारचौघांत बसून ठरवायला मात्र आपण शिकलो नाही, आणि ते ठरत नाही तोवर पहिल्या दोन्ही कामांची फळे ज्याचा बोअर खोल त्याच्या पदरात पडत राहणार.

सुरुवात दगडापासून करावी लागते. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भुईला पडलेल्या भेगांतून लाव्हा बाहेर येत राहिला, थरावर थर साचत गेले आणि आजच्या महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भाग या काळ्या पाषाणाखाली, बेसॉल्टखाली, गेला. चवडीने रचलेल्या भाकरींसारखे हे थर आहेत. थराच्या वरच्या भागात लाव्हातले वायू कोंडून राहिल्याने भोके पडलेली, खालचा भाग घट्ट, आणि दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे तांबड्या मातीचा पट्टा. विहीर खणणारे त्याला गेरू म्हणतात. पाणी राहते ते वरच्या मुरमात, भोके खनिजांनी बुजलेली नसतील तर त्या जाळीदार भागात, आणि घट्ट दगडाच्या चिरांत. गंगेच्या मैदानात शेकडो फूट वाळू पाण्याने भिजलेली असते. आपल्याकडे दगडाच्या शंभर भागांत पाण्याला जागा मिळते ती साधारण एक ते तीन भाग. तापी-पूर्णेच्या गाळाचा पट्टा याला अपवाद, पण तिथेही रावेर-यावलच्या केळीने पाणी इतके खाली नेले आहे की अपवाद असल्याचा फायदा संपत आला आहे.

एवढ्या उथळ आणि चिंचोळ्या भांड्याचा स्वभाव ठरलेला असतो. ते चार चांगल्या पावसांत भरते आणि तितक्याच तत्परतेने रिकामे होते. शिवाय ते एकट्याचे भांडे नाही. विहिरीच्या काठावरून पाहिले की वाटते, हे माझे पाणी. पण विहीर ही फक्त खिडकी आहे. आतले पाणी चिरांतून, मुरमातून सगळ्या शिवाराखाली सरकत असते. काही शेजाऱ्याच्या विहिरीत निघते, काही ओढ्याला जाऊन मिळते. पूर्वी ओढे पौष-माघापर्यंत झुळझुळ वाहत असत ते याच पाझरावर. आता दिवाळीलाच ओढ्यात गोटे दिसतात, डोहातले मासे जातात, गुरे पाणवठा शोधत फिरतात, आणि आपण म्हणतो पाऊस कमी झाला. पाऊस पुष्कळदा तेवढाच असतो. ओढ्याकडे निघालेले पाणी वाटेतच मोटारीने उचललेले असते.

मोटेच्या काळात हे का होत नव्हते? धावेवरून बैल खाली उतरायचे, नाडा ताणला जायचा, चामड्याची मोट वर येऊन थारोळ्यात पाणी ओतायची, बैल उलट्या पावली मागे सरायचे, पुन्हा तेच. उन्हे चढली की बैलांना सोडायचे, दिवस मावळला की मोट बंद. रात्रभर झरे पाझरत आणि सकाळपर्यंत पाणी आपल्या ठरल्या पायरीला परत येई. साताऱ्याजवळ लिंब गावात अठराव्या शतकातली बारामोटेची विहीर आजही पाहायला मिळते. एकाच वेळी बारा मोटा चालाव्यात एवढा त्या बांधकामाचा रुबाब आहे, तरी बारा मोटांना बारा जोड्या लागत आणि बैलाला दम लागत असे. जुने लोक निसर्गाशी एकरूप होते, म्हणून त्यांनी पाणी राखले, असे म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे. मला ते पटत नाही. त्यांना जास्त उपसता येत नव्हते, एवढेच. मर्यादा त्यांच्या मनात नव्हती, ती बैलाच्या खांद्यात होती. म्हणूनच बैलाच्या जागी इंजिन आले तेव्हा तीच माणसे, किंवा त्यांचीच मुले, कसलाही धर्मसंकटाचा विचार न करता तळ गाठून मोकळी झाली.

या बाबतीत आपल्याकडे डोळस विचार झालाच नाही असे नाही. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, त्यात शेतातली माती आणि पाणी धरून ठेवण्यासाठी ताली-बंधारे घालण्याच्या सूचना आहेतच. शिवाय चांगल्या पाणाड्यांकडून झऱ्यांच्या जागा शोधून घ्या आणि त्या गावच्या नकाशावर नोंदवा, असेही त्यांनी सरकारला सुचवले. म्हणजे भुईखालच्या पाण्याचा सार्वजनिक नकाशा! ही मागणी एकोणिसाव्या शतकातली आहे. आज गावागावांत भूजलाचे नकाशे काढण्याच्या योजनांची जाहिरात होते तेव्हा जोतीरावांचे नाव कोणी घेत नाही, याचे मला नेहमी नवल वाटते.

बोअर आपल्याकडे रुजला तो १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास, आणि तो पिण्याच्या पाण्यासाठी आला हे विसरता कामा नये. कठीण दगड फोडून खाली जाणाऱ्या यंत्राने हजारो गावांना वाचवले. बोअरवर बसवायचा टिकाऊ हातपंप घडवण्याचा मोठा खटाटोप महाराष्ट्रातच झाला. आधी जालना पंप, मग सोलापूर पंप, आणि त्यांच्यावरून पुढे ‘इंडिया मार्क टू’, जो आफ्रिकेतल्या गावांपर्यंत पोचला. हातपंपाचे पाणी माणसाच्या दंडावर अवलंबून; कळशी भरता भरता बाईचा खांदा दुखायला लागतो. बैलाचा खांदा गेला होता, त्या जागी काही काळ माणसाचा खांदा आला. मग पाण्यात बुडून चालणारी सबमर्सिबल मोटार आली आणि खांदा नावाची गोष्टच राहिली नाही.

बोअर मारताना ज्याने पाहिले नाही त्याला या विषयातली निकड समजणे अवघड आहे. आधी एजंट येतो. पाणाड्या तळहातावर नारळ आडवा धरून बांधाबांधाने फिरतो, नारळ उभा राहिला की तिथे चुन्याची फुली पडते. बोअरची गाडी बहुधा तमिळनाडूची, तिरुचेंगोडची. त्या एका गावाने देशभर या गाड्या धाडल्या आहेत. कॉम्प्रेसर सुरू झाला की सगळ्या शिवाराला ऐकू जातो. वरच्या मुरमापुरता केसिंग पाइप उतरतो, मग दगड लागतो आणि पांढरा-करडा फुफाटा उडायला लागतो. घरचे सगळे बांधावर डोक्याला फडके गुंडाळून बसलेले. फुफाट्याचा रंग बदलून तांबूस झाला की कोणीतरी म्हणते, गेरू आला, आता लागेल. लागत नाही. रॉडमागून रॉड. १०० फूट, २००, ३००. फुटाचा दर खोलीबरोबर चढत जातो, आणि नेमके त्यामुळेच मालकाला थांबा म्हणवत नाही, कारण थांबले की आतापर्यंतचे सगळे मातीत. ४०० फुटांवर ओलसर चिखल वर येतो, सगळे उठून उभे राहतात. तो चिखल पुन्हा वाळून फुफाटा होतो. पहाटे कधीतरी पाण्याचा फवारा उडतो, कोणी नारळ फोडते, कोणी अंदाज सांगते, ‘दोन इंची आहे.’ किंवा काहीच उडत नाही, गाडी दुसऱ्या शेतावर जाते आणि सावकाराकडचा आकडा तेवढा मागे राहतो.

पाणी लागले तर काय होते हे जास्त महत्त्वाचे. बोअर भाकरींची सगळी चवड भेदून खाली जातो. खोलवरच्या चिरेत पाणी थोडे असते आणि ते वर्षानुवर्षे सावकाश साठलेले असते. ते दोन-चार हंगामांत संपते. पण वरच्या थरातले पाणी आता त्या भोकातून खाली निथळायला मोकळे झालेले असते. त्यामुळे शेजारची साठ फुटांची विहीर, जी आजोबांनी खणली आणि जिने १९७२ काढला, ती कोरडी पडते. तिचा मालक मग तिच्या तळातून आडवे बोअर मारतो, ते भागले नाही की उभा मारतो, पहिल्यापेक्षा ५० फूट खोल. पहिला पुन्हा गाडी बोलावतो. या शर्यतीत पाणी वाढत नाही, फक्त खोली वाढते. लातूर जिल्ह्यात ती ८०० फुटांच्या पुढे गेली, आणि एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या खेपेला १० वाघिणींत ५ लाख लिटर आले, त्याचे फोटो जगभर गेले. त्याच जिल्ह्यात त्या आधीच्या वर्षांत ऊस उभा होता, त्याचे फोटो कोणी काढले नव्हते.

कायदा या सगळ्याकडे कसा पाहतो? १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यापासून चालत आलेली समजूत अशी की जमीन ज्याची, तिच्याखालचे पाणी त्याचे. त्याने हवे तेवढे उपसावे, शेजाऱ्याची विहीर आटली तर ते त्याचे नशीब. दगडातले पाणी एका गटातून दुसऱ्या गटात सरकते हे त्या काळच्या विलायती न्यायबुद्धीला सोयीचे नव्हते. महाराष्ट्राने १९९३ साली पिण्याच्या पाण्यापुरता कायदा केला: सार्वजनिक उद्भवापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घ्यायची नाही. मग २००९ चा व्यापक कायदा आला, जो २०१४ पासून अमलात आहे. त्यात ६० मीटरहून खोल विहिरींवर निर्बंध आहेत, पाणलोटनिहाय समित्या आहेत, पीक आराखड्याची भाषा आहे. वाचायला तो उत्तम आहे. पण ६० मीटर म्हणजे जवळजवळ २०० फूट, आणि २०० फुटांवर थांबलेली बोअरची गाडी मला तरी कोणी दाखवलेली नाही. रात्री येणाऱ्या गाडीला अडवायचे कोणी? तलाठ्याने की ग्रामसेवकाने की पोलीस पाटलाने, ज्याच्या स्वतःच्या शेतात तीन बोअर आहेत?

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा वर्षातून चार वेळा, ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे महिन्यांत, राज्यभरच्या निरीक्षण विहिरींची पातळी मोजते. हे काम निष्ठेने चाललेले आहे आणि त्याचे मोल फार आहे. पण या निरीक्षण विहिरी बहुतेक उघड्या, खणलेल्या विहिरी. पाऊस बरा झाला की त्यांची पातळी वर येते आणि आकडा बरा दिसतो; ६०० फुटांवर काय चालले आहे ते त्यात पुरते उमटत नाही.

आता थोडे गणित. ते पुढे सविस्तर आहे, पण त्याची चव इथेच द्यावीशी वाटते. समजा एक गाव आहे, शिवार १,००० हेक्टर, पाऊस ४०० मिलिमीटर, म्हणजे नगर-सोलापूरकडचे कोणतेही गाव. शिवारावर पडले ४०० कोटी लिटर पाणी. ऐकायला अफाट. त्यातले बहुतेक मातीतून आणि पानांतून हवेत परत जाते, काही वाहून जाते; आपल्या दगडात मुरते ते साधारण दहावा हिस्सा धरा, ४० कोटी लिटर. गावात १,५०० माणसे, माणशी दिवसाला ५५ लिटर, वर्षाचे झाले ३ कोटी लिटर. हजार गुरांचे आणखी २ कोटीच्या आत. म्हणजे माणसे आणि जनावरे मिळून मुरलेल्या पाण्याचा आठवा भागही पीत नाहीत. दुष्काळात टँकर लागतो तो या आठव्या भागासाठी! उरले ३५ कोटी. पाटाने भिजवलेला ऊस एका हेक्टरला वर्षाकाठी २ कोटी लिटर मागतो. भागाकार करा: साडेसतरा हेक्टर. चाळीस-पंचेचाळीस एकर ऊस, म्हणजे आठ-दहा खातेदारांचा ऊस, हजार हेक्टर शिवाराचे सगळे मुरलेले पाणी पिऊन टाकतो, आणि बाकीच्या गावाला रब्बीची ज्वारीसुद्धा ओलवायला काही उरत नाही. ठिबक केले तर पाणी कमी लागेल, पाटाच्या पाण्यातले थोडे परत मुरेलही, पाऊस ५५० झाला तर चित्र पालटेल. गणिताला या पळवाटा आहेत आणि त्या प्रामाणिकपणे दाखवल्या पाहिजेत. पण पळवाटा वापरूनही आकडा साडेसतराचा पंचवीस-तीस होतो, दोनशे होत नाही. ठिबकने वाचलेल्या पाण्यावर शेतकरी आणखी दोन एकर लावतो, हा अनुभव तर जागोजागचा आहे.

शेततळ्यांचेही तेच. शेततळे म्हणजे पावसाचे पाणी साठवायचे तळे, अशी कल्पना. प्रत्यक्षात हजारो तळ्यांत प्लास्टिकचा कागद अंथरलेला आहे आणि ती भरली जातात विहिरीतून, बोअरमधून, पावसाळा संपता संपता, सगळ्यांच्या विहिरी तुडुंब असताना. भुईखाली सावलीत असलेले सामाईक पाणी उपसून ते उन्हात, स्वतःच्या बांधात, स्वतःच्या कागदावर आणून ठेवायचे. डाळिंब आणि द्राक्षांच्या बागा त्यावर जगल्या, कर्जे फिटली, हे खरे आहे आणि मी ते हलके लेखत नाही. पण त्याला जलसंधारण म्हणून अनुदान देणे हा विनोद आहे.

मग वाट कोणती? उपसा वाटून घेण्याचे प्रयोग आपल्याच मातीत झाले आहेत आणि ते पुरेसे बोलके आहेत. धुळे-नाशिककडच्या फड पद्धतीचा उल्लेख सगळेच करतात, तीनएकशे वर्षांची परंपरा म्हणून. पांझरा, मोसमच्या बंधाऱ्यांवर पाटकरी ठरलेल्या क्रमाने पाणी देत आणि एका फडात एकच पीक असे. ते नदीचे पाणी होते, म्हणून इथे त्यावर रेंगाळत नाही.

पुरंदरमधले नायगाव मात्र थांबून पाहावे असे आहे. १९७२ च्या दुष्काळात विलासराव साळुंखे नावाचे पुण्यातले एक अभियंता-उद्योजक तिकडे गेले, रोजगार हमीवर दगड फोडणारी माणसे पाहून अस्वस्थ झाले आणि तिथेच अडकले. देवस्थानची १६ हेक्टर माळरान जमीन कराराने घेऊन त्यांनी आधी ताली, पाझर तलाव, विहीर अशी मांडणी करून दाखवली. त्यातून पुढे पाणी पंचायत उभी राहिली. तिचे तांत्रिक यश बाजूला ठेवा. तिचे नियम पाहा. पाणी जमिनीच्या प्रमाणात द्यायचे नाही, घरातल्या माणसांच्या प्रमाणात द्यायचे. माणशी अर्ध्या एकराचे, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचे. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. भूमिहीनालाही हक्क. ऊस लावायचा नाही. खर्चातला वाटा लाभधारकांनीच उचलायचा. हे नियम वाचताना लक्षात येते की १८८२ च्या कायद्याचा पायाच त्यांनी एका तालुक्यात उखडून ठेवला होता, तोही कोर्टात न जाता. साळुंखे २००२ मध्ये गेले. पाणी पंचायतीची कीर्ती पसरली, तिचे नियम मात्र फार थोड्या ठिकाणी पोचले. कारण उघड आहे. वीस एकरवाल्याला आणि बिनजमिनीच्या माणसाला एका सतरंजीवर बसवून समान वाटा मान्य करायला लावणे हे कोणत्याही बंधाऱ्यापेक्षा अवघड काम आहे आणि त्याचे अंदाजपत्रक करता येत नाही.

हिवरे बाजार सगळ्यांना ठाऊक आहे, इतके की त्याचे नाव घेतले की ऐकणारा मान डोलावून पुढे जातो. पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाले, डोंगरावर चर खणले, झाडी वाढली, गेलेली माणसे परत आली; ही गोष्ट शाळेच्या पुस्तकासारखी पाठ झाली आहे. पाहुण्यांच्या बसेस येतात, चर पाहतात, फोटो काढतात, आपल्या गावी जाऊन चर खणतात. त्या गावाने शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही असे ठरवले आणि ऊस-केळीला बंदी घातली, हा भाग बसमधून दिसत नाही. दरवर्षी पावसाळा सरल्यावर ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडला जातो: पाऊस किती झाला, पिण्यासाठी किती ठेवायचे, गुरांना किती, मग उरल्यात कोणती पिके. पाऊस ओढला असेल तर जास्त पाण्याच्या पिकांवर पाणी सोडायचे ते त्याच बैठकीत ठरते. चर हे निम्मे काम आहे, आणि सोपे निम्मे. गेल्या काही वर्षांत श्रमदानाच्या स्पर्धा झाल्या, जलयुक्त शिवार झाले, नाले खोल-रुंद झाले, हजारो गावांनी खरोखर घाम गाळला. त्यातल्या कितीतरी गावांत पहिल्या चांगल्या पावसानंतर विहिरी भरल्या आणि त्याच हिवाळ्यात नवे बोअर पडले, नवा ऊस उभा राहिला. श्रमदान सगळ्यांनी केले होते. पाणी ज्याच्याकडे मोटार होती त्याने नेले.

इथे शेतकऱ्याला दोष देऊन मोकळे होणाऱ्यांची मला चीड येते. उसाला कारखाना आहे, ठरलेला दर आहे, गाळप झाले की आज ना उद्या पैसे येतात. ज्वारी-करडईला काय आहे? हमीभाव जाहीर होतो, खरेदी केंद्र उघडेल याची शाश्वती नाही. राज्याच्या लागवडीखालच्या जमिनीतला जेमतेम चार टक्क्यांच्या आसपासचा ऊस ओलिताच्या पाण्याचा सर्वात मोठा वाटा घेतो याचा राग उसावर काढण्यात अर्थ नाही. शेतकरी शहाणा आहे. जिथे जोखीम कमी तिथे तो जातो. वरूड-मोर्शीच्या संत्रेवाल्याने बाग जगवण्यासाठी हजार फूट खाली जाणे हा हावरटपणा म्हणून सांगता येईल, पण पंधरा वर्षे वाढवलेले झाड डोळ्यांसमोर वाळताना पाहणाऱ्याला तो शब्द कसा लावायचा? आणि पुण्याच्या ज्या सोसायटीत उन्हाळ्यात रोज टँकर येतात, तो टँकर कोणत्या गावच्या विहिरीवर भरला हे सोसायटीच्या सभेत कधी विचारले जाते का? तिथला हिशेब दर टँकरमागच्या रुपयांपाशी संपतो.

विजेचा प्रश्न या सगळ्याच्या मुळाशी आहे आणि पुढच्या काळात तोच निर्णायक ठरणार असे माझे मत आहे. अश्वशक्तीवर ठोक बिल आले तेव्हाच जास्त उपसण्याचा खर्च शून्यावर आला होता; २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचे बिलच माफ आहे. तरी आतापर्यंत एक लगाम होता. थ्री फेज आठ तास, तीही कधी दिवसा, कधी मध्यरात्री. डीपी जळाली की आठवडा गेला. बॅटरी घेऊन रात्री दोनला पाणी धरायला जाणारा, पायाखाली सापाची भीती असलेला शेतकरी लोडशेडिंगला शिव्या देत होता आणि त्या रास्तच होत्या. पण खरे सांगायचे तर लोडशेडिंग हीच या राज्यातली सर्वात व्यापक पाणीवाटप संस्था होती. आता सौर पंप येत आहेत, मागेल त्याला. दिवसा वीज, बिल नाही, साप नाही, डीपी नाही. शेतकऱ्याच्या झोपेसाठी याहून चांगली गोष्ट नाही. भुईखालच्या पाण्याच्या दृष्टीने पाहिले तर बैल गेल्यावर जो जो लगाम उरला होता त्यातला हा शेवटचा. यापुढे सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत मोटार चालेल, आणि ती कधी बंद करायची हे एकतर गाव ठरवील, नाहीतर कोरडा पडलेला बोअर ठरवील.

पुस्तक वाचण्याबद्दल एक सूचना. ज्यांना घाई आहे त्यांनी दगडाचे प्रकरण सोडले तरी चालेल, ताळेबंदाचे सोडू नये. तिथे कोरे तक्ते दिले आहेत. त्यांत आपल्या गावाचे आकडे भरावेत. पावसाचा आकडा मंडळाच्या पर्जन्यमापकावर मिळेल, पिकांचे क्षेत्र तलाठ्याकडे किंवा कृषी सहायकाकडे, गुरांची संख्या पशुगणनेत. बोअर किती आणि किती खोल, हे बहुधा कोणत्याच दप्तरात धड सापडणार नाही. त्यासाठी शाळेतली चार पोरे बरोबर घेऊन गटागटाने हिंडावे लागेल, आणि प्रत्येक बांधावर थांबून विचारावे लागेल. कोरडे गेलेले बोअरही मोजायचे, त्यांची खोली मालकांना फुटाफुटाने पाठ असते.